तीन नंबरच्या टाकीतली स्टाउट

३ ऑक्टोबर

नवी वही आठ दिवस उशाशी तशीच पडून होती, कारण मी तापाने अंथरुणाला खिळले होते. काल ताप उतरला. आज सकाळी नाक मोकळं झालं आणि पहिला वास आला तो भोपळ्याचा. शी!

खाली जाऊन बघते तर धाकट्याने चाळीस भोपळे आणून ठेवलेले. अर्धे चिरून भट्टीत भाजायला घातले होते. मी आजारी पडायचीच वाट बघत होता, दुसरं काय! उन्हाळ्यातच बोलला होता, "ताई, या हंगामात भोपळ्याची स्टाउट करू." तेव्हाच सांगितलं होतं की भोपळ्याची जागा पातेल्यात, टाकीत नाही. स्टाउट म्हणजे काळीभोर, भाजलेल्या सातूची, सरळ कडू बिअर. तिच्यात भोपळा, दालचिनी आणि जायफळ घालायचं म्हणजे धडधाकट माणसाला झबलं घालण्यासारखं आहे.

"पण हल्ली सगळेच करतात गं," तो म्हणाला.

"सगळे काय काय करतात ते मला सांगू नकोस."

नवी वही आहे तर एकदा लिहून टाकते. धाकटा म्हणजे माझा भाऊ, आठ वर्षांनी लहान, वय त्रेपन्न, तरी धाकटाच. तीन वर्षांपूर्वी त्याने डेअरीतली फिटरची नोकरी सोडली, घराखालची बंद पडलेली लाँड्री ताब्यात घेतली आणि बिअर बनवायला लागला. पाइप, झडपा, टाक्या यांत त्याचा हात धरणारा कोणी नाही. पण चव माझ्याकडे. चहाच्या कंपनीत मी एकोणतीस वर्षं चव घ्यायचंच काम केलं. दिवसाला दोनशे कप, घोट घ्या, तोंडात फिरवा, थुंका, लिहा. तेव्हा इथला नियम असा, की मी चाखून भिंतीवरच्या पाटीवर खडूने 'पास' लिहिल्याशिवाय एक थेंब बाहेर जात नाही. तीन वर्षांत हा नियम एकदाही मोडलेला नाही.

भोपळे भाजल्याचा वास जिन्यावरून वर येऊन माझ्या खोलीत शिरलाय. खिडकी उघडी ठेवून लिहितेय.

९ ऑक्टोबर

या भोपळ्याने घर नासवलं. आता कॉफीलासुद्धा तो वास लागलाय. घोट घेतला आणि ओकारी आली. ओलं पोतेरं जाळल्यावर येईल तसा काहीतरी वास. भावजयीला विचारलं, कॉफी कुठली आणलीस? म्हणाली, नेहमीचीच. नेहमीची असती तर मला कळलं नसतं का? वाण्याने शिळा माल हिच्या गळ्यात मारला असणार आणि हिला त्याचा पत्ता नाही.

दुपारी तिने कांदा परतायला घेतला. मी वरच्या मजल्यावरून ओरडले, "अगं, गटार फुटलंय की काय बघ जरा!" ती हातात उलथनं घेऊन दारात येऊन उभी राहिली. "वन्सं, कांदा आहे हो नुसता." मी म्हटलं, नुसता कांदा असा वास मारत नाही, तव्याला भोपळा लागलाय. तिने तवा दोनदा घासला. तिसऱ्यांदा मी घासला. फरक नाही.

दात घासायची पेस्टही बदलून आणायला सांगितली. दही तेवढं या घरात चांगलं राहिलंय. दही आणि उकडलेला बटाटा खाऊन दिवस काढतेय, त्यामुळे अशक्तपणाही जाईना.

१६ ऑक्टोबर

तीन नंबरच्या टाकीतून पहिल्यांदा चव घेतली. अजून कच्ची आहे, मान्य. कच्च्या बिअरला माफ करायचं असतं. पण ही!

धाकट्याने नळीतून पेला भरून समोर धरला. रंग सुरेख, फेस दाट, तपकिरी. नाकाजवळ नेला आणि झटकन लांब धरला. तरी कर्तव्य म्हणून घोट घेतला. सडकं. जळकं आणि वर सडकं, आणि त्यातच एक गोडूस घाण, जिभेला चिकटून बसणारी. मी फरशीतल्या नाल्यात थुंकले आणि दोन तांबे पाण्याने तोंड धुतलं.

"काय झालं?" त्याचा चेहरा एवढासा झाला. "काय बिघडलंय नेमकं? यीस्ट? की माल्ट जास्त जळलं?"

इथे मी जरा अडकले, हे खरं लिहून ठेवायला हवं. एरवी मी लगेच नाव सांगते. लोखंडाची चव, ओल्या पुठ्ठ्याची चव, लोणी खवट झाल्याची चव, प्रत्येक दोषाचं एक नाव असतं आणि एक कारण असतं. आज नाव सापडेना. मी म्हटलं, "भोपळा. भोपळाच बिघडलाय. आठ दिवस थांबू."

"थांबू," तो म्हणाला. मग त्याच पेल्यातून एक घोट घेतला, थोडा वेळ तोंडात धरून उभा राहिला, गिळला, आणि पेला धुऊन टाकला.

२४ ऑक्टोबर

आठ दिवसांनी आज पुन्हा. सुधारेल असं वाटलं होतं, पण कसलं काय! फसफस वाढली, म्हणजे घाण आता बुडबुड्यांवर बसून थेट नाकात जाते. जायफळ वर आलंय. जायफळ म्हणजे काय सुंदर वस्तू असते, आणि याने त्याची काय दशा करून ठेवलीय! डांबरगोळी आणि कुजकी पानं. घोट तोंडात धरायचे दहा सेकंद धरले, डोळ्यांतून पाणी आलं, आणि नाल्यापर्यंत पोचायच्या आतच बाहेर आलं. माझ्या साडीवर. आता साडीलाही तो वास.

भावजय पाइप गुंडाळत होती. तिने आपण होऊन पेला उचलला, घोटभर प्याली, ओठ पुसले.

"मला तर छान लागली, वन्सं."

"तुला साखर घातलेलं काहीही छान लागतं."

"गोड कुठे आहे? कडूच आहे की. मागून जरा भोपळा लागतो, उबदार." मग माझ्याकडे बघत म्हणाली, "वन्सं, ताप येऊन गेल्यापासून तुम्हाला जेवणही जात नाही. एकदा नाक-कान-घसावाल्या डॉक्टरांना दाखवू या का?"

आता बोला! बिअर नासली, तर औषध मला! शाळेत मुलांना भूगोल शिकवते ती, आणि मला चव शिकवायला निघाली. मी म्हटलं, "अगं, एकोणतीस वर्षांत माझी एक पेटी परत आली नाही." ती पाइप गुंडाळत राहिली. धाकटा दोघींकडे पाठ करून झडप पुसत होता. ती झडप स्वच्छच होती.

२५ ऑक्टोबर

भात, दही. भात, दही. केसांनासुद्धा भोपळ्याचा वास येतोय. दोनदा न्हाले.

२८ ऑक्टोबर

आज पाटीवर लिहिलं. टाकी तीन, स्टाउट, नापास.

दहापैकी किती, असं धाकट्याने विचारलं. मी म्हटलं, भोपळा. त्याला हसू आलं नाही.

तिसऱ्यांदा चाखली, चौथ्यांदा चाखली, मन मोकळं ठेवून चाखली. माझ्या भावाचं आहे म्हणून दोन गुण जास्त द्यावेत असंसुद्धा मनात आलं, पण ज्या दिवशी मी तसं करेन त्या दिवशी माझ्या पाटीला किंमत काय राहिली? वाईट ते वाईट. पाजायची कोणाला ही?

"पिंपात भरून दोन महिने ठेवली तर?" त्याने विचारलं.

"सडलेलं दोन महिन्यांनी जास्त सडतं."

"बरं," तो म्हणाला.

मग त्याने स्वतःच खालची झडप उघडली. सहाशे लिटर. लाँड्रीच्या वेळेपासून फरशीला नाल्याकडे उतार आहे, त्यावरून ती काळी बिअर नुसती धो धो वाहत गेली आणि तिचा तपकिरी फेस आमच्या पायांपर्यंत आला. वासाने मला उभं राहवेना, पदर नाकाला लावून मी दारात जाऊन बसले. तो मात्र रबरी बूट घालून शेवटपर्यंत तिथेच उभा होता. पाव तास तरी लागला असेल. नंतर त्याने टाकी धुतली, फरशी धुतली, पाटी पुसली. मदतीला कोणाला बोलावलं नाही.

त्याला वाईट वाटणं साहजिक आहे. पण त्याच्या नावाखाली ती घाण बाहेर गेली असती तर जास्त वाईट वाटलं असतं. मी माझं काम केलं. रात्रीच्या जेवणाला तो आला नाही, तरी मला पटलेलं आहे की मी माझं काम केलं.

३० ऑक्टोबर

टाकी रिकामी होऊन दोन दिवस झाले. फरशी तीनदा धुतली. चाळीस भोपळ्यांपैकी एक साल घरात उरलेली नाही. कॉफीला वास तोच.

मुरतो म्हणतात वास भिंतीत. चुना लावून घ्यावा.

५ नोव्हेंबर

आज डोकं फिरायची वेळ आली. दुपारी पायऱ्या उतरत होते तर खाली बोलण्याचा आवाज. तो चौकातला बारवाला, पांढऱ्या भुवयांचा, आला होता आणि भावजयीशी बोलत होता.

"अहो बाई, कालची बाटली! कुठे लपवून ठेवलीत ही? मला सगळी पिंपं हवीत."

"पिंपं नाहीत," भावजय म्हणाली. "ओतून टाकली."

"ओतली? वेड लागलंय का तुम्हाला?"

मी तशीच वर परतले. म्हणजे या बाईने टाकी रिकामी व्हायच्या आधी बाटल्या भरून घेतल्या! नापास मालाच्या! आणि बाहेर दिली! संध्याकाळी विचारलं तर तोंड वर करून म्हणते, "हो, चार भरल्या. मला आवडली होती म्हणून. एक त्यांना दिली." लाज नाही, संकोच नाही.

गिऱ्हाईकाला जीभ नसते, असं म्हणून मी हा विषय सोडला असता. पण हा बारवाला तसा नाही, हीच पंचाईत आहे. गेल्या वर्षी एक पिंप मी कुरकुरत पास केलं होतं. धाकट्याच्या आग्रहाखातर, मनात शंका ठेवून. या माणसाने दुसऱ्या दिवशी ते परत पाठवलं, आणि चिठ्ठीत लिहिलं, 'लोणी.' नेमकी तीच माझी शंका होती. असा माणूस त्या घाणीला सगळी पिंपं मागतो?

त्याचंही वय झालं म्हणायचं.

धाकट्याला मी समजावलं. म्हटलं, एखादी टाकी जाते, मनाला लावून घेऊ नकोस, चूक कोणाची होत नाही? तो म्हणाला, "हो ना." आणि डेअरीतल्या जुन्या साहेबांना फोन करायचाय म्हणून उठून गेला. आता डेअरीत त्याचं काय काम?

८ नोव्हेंबर

बारवाल्याचं ते 'सगळी पिंपं' मनातून जाईना. आज दोघंही बाहेर गेली होती. भावजयीच्या कपाटातून एक बाटली काढली. चहाच्या कंपनीत नव्या माणसाची परीक्षा आम्ही अशी घेत असू: तीन पेले, दोनांत एकच पदार्थ, तिसऱ्यात दुसरा. वेगळा कुठला ते ओळखायचं. मी कितीतरी पोरींना या परीक्षेत बसवलंय आणि कितीतरींना घरी पाठवलंय. नुसतं ओळखायचं असतं. काय आहे तेसुद्धा सांगायचं नसतं.

दोन पेल्यांत स्टाउट घातली, तिचा फेस बसू दिला. तिसऱ्यात गार काळी कॉफी. हसू येईल इतकं सोपं. शेंबड्या पोराला कळेल. बुडाला खुणा केल्या, डोळ्यांवर पंचा बांधला, ताट गरगर फिरवलं आणि एकेक हुंगला. फसफस तोंडात चुगली करील म्हणून नुसतं नाकाने.

तिन्ही पेल्यांत तेच पोतेरं.

अंदाजाने एक उचलला. खूण बघितली, चूक. पुन्हा फिरवलं, चूक. सहा वेळा केलं. दोनदा बरोबर आलं, आणि तीनांतून डोळे मिटून उचललं तरी सहात दोनदा बरोबर येतंच.

मग स्वयंपाकघरात जाऊन डबे उघडत सुटले. मिरे, तेच. भाजलेले दाणे, तेच. साबण, लसूण, ताजी उघडलेली नवी कोरी कॉफी, सगळं तेच. दही तेवढं दही. ओट्यावर सगळे डबे उघडे आणि मध्ये मी बसलेली. भोपळा घरात कुठेच नव्हता.

११ नोव्हेंबर

एकटीच जाऊन आले. भावजयीला सांगितलं, चष्म्याचा नंबर बघायला जातेय.

नाक-कान-घसावाली डॉक्टर तरुण आहे, बोलायला बरी. नाकात दिवा घालून बघितलं, बाटल्या हुंगायला दिल्या. म्हणाली, "तापाने वासाच्या नसा जळाल्या आहेत. आता त्या पुन्हा फुटताहेत, पण जोडताना तारा चुकल्यात. भाजलेलं, परतलेलं, कॉफी, कांदा, सगळं एकच आणि घाण लागतंय ना?"

"लागतंय."

"बऱ्याच जणांना होतं. वस्तूत काही खराबी नसते, बाई."

मी विचारलं, बरं कधी होईल? सहा महिने. वर्ष. कधीकधी पूर्ण होतही नाही. रोज सकाळ-संध्याकाळ चार वास हुंगायचा व्यायाम करा म्हणाली. मग तिने विचारलं, "काम काय करता?"

मी म्हटलं, "निवृत्त."

१४ नोव्हेंबर

लिहिलं नाही, कारण लिहिलं की ते होऊन बसेल.

सहाशे लिटर चांगली बिअर मी नाल्यात ओतायला लावली. हे एक वाक्य. मी चूक होते. हे दुसरं. ही दोन वाक्यं धाकट्याला सांगायची आहेत आणि तीन दिवस झाले, जीभ उचलत नाही. जीभ कसली म्हणा, आता ती बोलण्यापुरतीच उरलीय आणि तेवढंही काम करत नाही.

का सांगत नाही तेही लिहिते, निदान इथे तरी लपवाछपवी नको. या घरात माझी खोली आहे ती जिन्याजवळची. जेवायच्या टेबलावर माझी जागा आहे. पण ती सगळी माझ्या जिभेची आहे. 'ताईला विचारा,' 'ताईने चाखली का,' हे शब्द काढून घेतले तर मागे काय उरतं? एक नाक मुरडणारी म्हातारी, जिला कांदा परतलेला चालत नाही. किळस त्या बिअरची वाटत होती ती परवडली. आता माझीच वाटतेय.

आणि सांगून ती बिअर परत येणार आहे का? पुढची टाकी मी पास करीन, की झालं. न चाखताच पास करीन.

हे मीच लिहिलंय का? मी, जिने दोन गुण जास्त द्यायला नकार दिला?

१७ नोव्हेंबर

सकाळी खाली गेले तर धाकटा पाइप सोडवून, पुसून, लांबीप्रमाणे लावून ठेवत होता. विकायची वस्तू लावतात तसे.

"हे काय चाललंय?"

"डेअरीत सोमवारी बोलावलंय. फिटरचीच जागा आहे, जुनी माणसं ओळखीची आहेत."

"आणि हे सगळं?"

त्याने हातातलं फडकं घडी करून ठेवलं. "ताई, तुला एक सांगू? मला ती आवडली होती. स्टाउट. आजवर केलेल्यातली सगळ्यात चांगली जमली, असं वाटलं होतं मला. पहिल्या दिवशीच. तू थुंकलीस आणि मी गिळली, तेव्हा."

मी म्हटलं, "मग बोलला का नाहीस?"

"तू पाटीवर लिहिलंस ना. मला जी सगळ्यात चांगली वाटली तीच घाण निघाली, म्हणजे मला यातलं काही कळत नाही. ज्याला कळत नाही त्याने कशाला या भानगडीत पडावं? झडपा मला कळतात. झडपा बसवीन." तो हसला, मला वाईट वाटू नये म्हणून हसला. "तू नसतीस तर मी ती लोकांना पाजली असती गं. वाचवलंस."

वाचवलंस, म्हणाला. मी वर आले, दार लावून घेतलं आणि हमसून हमसून रडले. बापाविना वाढलेलं पोर, आणि त्याला मी लहानपणापासून सांगत आले, हे चांगलं, हे वाईट, हे थुंक. ते त्याने इतकं ऐकलं की स्वतःच्या तोंडातली चव खोटी मानली. आणि मी सहा दिवस टेबलावरच्या जागेचा विचार करत बसलेय.

सोमवारला दोन दिवस आहेत.

१८ नोव्हेंबर

सांगितलं.

तो टाकीजवळ उकिडवा बसला होता. मी उभ्यानेच सांगितलं, कारण बसले असते तर शब्द फिरवले असते. ताप, तीन पेले, डॉक्टर, सगळं. शेवटी म्हटलं, "तुझी जीभ बरोबर होती. माझी गेलीय. बिअर चांगली होती."

मला वाटलं होतं तो म्हणेल, जाऊ दे ताई. तसाच आहे तो. पण तो उठला तेव्हा त्याचा चेहरा लालबुंद झाला होता.

"कधी कळलं तुला?"

"आठ तारखेला."

"आठ. आज अठरा. काल मी इथे उभा राहून तुला सांगत होतो की मला काही कळत नाही, तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि तू वर निघून गेलीस."

"हो."

"सहाशे लिटर मी माझ्या हाताने..." फडकं भिरकावलं त्याने, ते टाकीवर आपटून खाली पडलं. "जीभ गेली त्याचं काही नाही, ताई. ताप कोणालाही येतो. पण त्या दिवशी मला एकदा विचारलं असतंस, तुला कशी लागली? एवढंच. पन्नास वर्षांत एकदा!"

दार आपटून तो गेला. माझ्या भावाला मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडताना ऐकलं. त्याचं एकेक अक्षर खरं होतं.

२० नोव्हेंबर

सोमवारी तो डेअरीत गेला नाही. माझ्याशी बोलतही नाही. ताट वाढलं की जेवतो, नजर ताटात.

भावजय माझ्या खोलीत दही घेऊन आली. मी म्हटलं, तुला ठाऊक होतं ना? ती म्हणाली, "गटार फुटलंय म्हणालात त्याच दिवशी. माझ्या मावशीला झालं होतं असं."

"मग ठणकावून सांगायचंस."

"तुम्हाला? वन्सं, तुम्हाला सांगण्याची छाती या घरात कोणाची आहे?" रागाने नाही बोलली. कुठला डोंगर किती उंच ते सांगावं तशी बोलली. माझ्या साडीवरचा स्टाउटचा डाग तिने धुऊन काढला होता, ती साडी घडी करून ठेवली आणि गेली.

२४ नोव्हेंबर

खालून भोपळे चिरल्याचा आवाज आला. मी खाली गेले नाही. मला कोणी बोलावलं नव्हतं.

थोड्या वेळाने भाजल्याचा वास वर यायला लागला, तोच, जळक्या पोतेऱ्याचा. मी खिडकी बंदच ठेवली.

२२ डिसेंबर

महिनाभर पानं कोरी. भात, दही, डॉक्टरीणबाईंच्या चार बाटल्या. लिंबू थोडं थोडं लिंबासारखं वाटायला लागलंय, किंवा मला तसं वाटून घ्यायचंय. बाकी सगळं जिथल्या तिथे.

धाकटा हळूहळू बोलायला लागला. आधी 'मीठ दे' एवढंच, मग झडपेबद्दल, मग डेअरीच्या साहेबांची नक्कल करून दाखवली. त्या गोष्टीबद्दल दोघंही बोललो नाही.

आज दुपारी जिन्याखालून हाक आली. "ताई, येतेस का जरा?"

तीन नंबरच्या टाकीपाशी दोन पेले भरून ठेवले होते. मी म्हटलं, "अरे, मी काय करणार आता यात?"

"बस तर खरी."

बसले. पेला उचलला. डोळ्यांना तीच सुरेख काळी बिअर, तपकिरी फेस. नाकाला मात्र काय होती ते सांगायला नको. हात आपोआप नाल्याकडे वळला, इतक्या वर्षांची सवय. घोट तोंडात होता, जळका, सडका, गोडूस. डोळे घट्ट मिटले आणि गिळला. घशातून खाली जाईपर्यंत अंगावर काटा होता.

तो माझ्याकडे बघत नव्हता. त्याने त्याचा घोट घेतला होता आणि कुठेतरी समोरच्या भिंतीकडे बघत तोंडात फिरवत होता. आरामात. घाई नाही.

"कशी लागतेय तुला?" मी विचारलं.

त्याने घोट गिळला. "आधी भाजलेलं लागतं," म्हणाला, "कडू, कोकोच्या जवळचं. मग वाटतं संपलं. आणि मग मागून भोपळा येतो, गोड नाही, नुसता भरीव. जायफळ जरा जास्त झालंय. पुढच्या वेळी अर्धं घालीन." आणखी एक घोट घेतला. "पण जमलीय."

उठून त्याने खडू घेतला, स्वतःच्या हाताने पाटीवर 'पास' लिहिलं आणि परत येऊन बसला. माझ्या तोंडात अजून ते पोतेरं होतं. मी पेला पुन्हा तोंडाला लावला.

"अजून सांग," मी म्हटलं.